अकरा गुंठ्यांतली शाळा आणि अडतीस गुंठ्यांचे आश्वासन

वाचकांचे प्रश्न : जमीन, घर आणि नगररचना

या महिन्याच्या टपालात शाळेच्या जागेविषयीची पत्रे इतकी होती, की इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून हे पान त्यांनाच द्यावे असे वाटले. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची, गावांची आणि शाळांची नावे गाळली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमची शाळा नगरपरिषदेची आहे, पहिली ते आठवीची. बाजारपेठेला लागून अकरा गुंठ्यांत नऊ खोल्या आहेत आणि पट सहाशे चाळीस आहे. सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत शाळा भरते. इथून सहाशे मीटरवर सार्वजनिक बांधकाम विभागाचे जुने आवार आहे, अडतीस गुंठ्यांचे. त्यात एक गंजलेला रोलर, डांबराची रिकामी पिंपे आणि पडकी निवासस्थाने याशिवाय काही नाही. ते आवार शाळेला द्यायचे, शाळेची बाजारातली जागा शासनाला कार्यालयासाठी द्यायची आणि आम्हाला नवी मोठी शाळा बांधून द्यायची, असा प्रस्ताव नगरपरिषदेत आला आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. पालकांमध्ये दोन तट पडले आहेत. अशी अदलाबदल कायद्याने होते का, आणि होत असेल तर आम्ही कशावर बोट ठेवावे? — एक पालक, ठाणे जिल्हा

उत्तर : ताई, होते. आपल्या पत्रावरून प्रस्ताव मुळात वाईट दिसत नाही, हेही आधीच सांगतो. पायी सात-आठ मिनिटांच्या अंतरावर तिप्पटीहून अधिक जागा मिळणे ही गावांच्या वाट्याला सहसा न येणारी गोष्ट आहे. मात्र अशा प्रस्तावांचे नुकसान कायद्याने मनाई असल्यामुळे फारसे होत नाही. ते होते पायऱ्यांचा क्रम उलटा लागल्यामुळे. म्हणून मी तो क्रमच सविस्तर मांडतो.

दोन्ही जमिनी सार्वजनिक असल्या तरी त्यांची मालकी एकाच प्रकारची नाही. 'बांधकाम खात्याचे आवार' असे आपण म्हणतो, पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ती जमीन शासनाची असते आणि खात्याकडे फक्त वापरासाठी असते. त्यामुळे कार्यकारी अभियंत्यांनी 'आमची हरकत नाही' असे पत्र दिले, ते सभेत वाचून दाखवले गेले आणि टाळ्या पडल्या, तरी जमीन मिळाली असे होत नाही. प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसूल विभागाकडे जावा लागतो. दुसऱ्या बाजूला, शाळेची जागा नगरपरिषदेच्या नावावर असली तरी १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे ती हस्तांतरित करण्यास शासनाची मंजुरी लागते. महानगरपालिकेच्या हद्दीतील वाचकांसाठी सांगतो, की तेथे १९४९ च्या अधिनियमाचे कलम ७९ पाहावे. मिळणारा मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये, अशी अट त्यात आहे.

यानंतर मूल्यांकन येते आणि पालकांमधले वाद बहुधा इथेच सुरू होतात, कारण अकरा गुंठे देऊन अडतीस गुंठे घेणे ऐकायला फार फायद्याचे वाटते. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे शाळेची जागा सुमारे १,११३ चौरस मीटर आणि आवार सुमारे ३,८४४ चौरस मीटर भरेल. आता केवळ समजण्यासाठी धरा, की वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्यात, बाजारपेठेचा दर चौरस मीटरला ४०,००० रुपये आहे आणि आवाराचा १२,००० रुपये. मग शाळेच्या जागेचे मूल्य सुमारे ४ कोटी ४५ लाख होते आणि आवाराचे सुमारे ४ कोटी ६१ लाख. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. कोणी कोणाला फसवले नाही आणि कोणी कोणावर उपकारही केले नाहीत. आपल्या गावातील प्रत्यक्ष दर काढून हा हिशेब समितीच्या बैठकीत फळ्यावर मांडा. अर्ध्या शंका तिथेच मिटतील आणि उरलेल्या अर्ध्या जास्त नेमक्या होतील.

हा हिशेब मांडताना एक गोष्ट दिसेल, जी प्रस्तावात बहुधा लिहिलेली नसते. जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली, इमारत कुठून येणार? मूल्ये सारखी असतील तर अदलाबदलीतून एक रुपयाही हाती उरत नाही. 'नवी मोठी शाळा बांधून द्यायची' हे वाक्य आपल्या पत्रात आहे, पण ती कोण बांधणार, कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि कोणत्या वर्षीच्या अंदाजपत्रकातून, हे त्यात नाही. प्रस्तावातही नसावे अशी मला शंका आहे. हा प्रश्न सभेपूर्वी लेखी विचारा.

तिसरी पायरी विकास योजनेची आहे आणि ती सर्वांत जास्त विसरली जाते. आपल्या शाळेची जागा विकास योजनेच्या नकाशात 'प्राथमिक शाळा' म्हणून दाखवलेली असणार. तिथे शासकीय कार्यालय आणायचे तर नकाशा बदलावा लागेल, आणि आवारावर शाळा बांधायची तर तिथल्या वापराचाही बदल लागू शकेल. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली हा फेरबदल होतो. त्यासाठी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून हरकती व सूचनांसाठी एक महिन्यापर्यंतची मुदत द्यावी लागते, बाधित व्यक्तींना नोटीस देऊन सुनावणी घ्यावी लागते आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. नागरिकांच्या हातातली खरी वेळ हा एक महिना आहे. आधी जमिनी बदलल्या आणि नकाशा मागे राहिला, तर नव्या शाळेची बांधकाम परवानगी अडकते, आणि जुनी जागा तर तोपर्यंत हातची गेलेली असते.

म्हणून आपण बोट ठेवायचे ते पुढच्या एका वाक्यावर. ते नगरपरिषदेच्या ठरावात आणि शासनाच्या मंजुरी आदेशात, दोन्हीकडे असले पाहिजे : 'नवीन इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र मिळून शाळा तेथे प्रत्यक्ष सुरू झाल्याशिवाय जुन्या जागेचा ताबा देण्यात येऊ नये.' अधिकारी म्हणतील, की अदलाबदल म्हणजे दोन्ही ताबे एकाच दिवशी. आवाराचा ताबा त्यांनी आज द्यावा. तिथे गंजलेल्या रोलरखेरीज कोणाची गैरसोय व्हायची नाही. शाळेच्या जागेत सहाशे चाळीस मुले बसतात, त्यामुळे दोन्ही ताब्यांना एकच तारीख लावणे योग्य नाही, आणि करारात दोन तारखा लिहिण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

प्रश्न : वरच्यासारखीच परिस्थिती आमच्या शाळेतही आहे. जागा वाढवून मागितली की 'तुमच्या शाळेत दोन अधिवेशनांत सर्व वर्ग बसतात, कमतरता कुठे आहे?' असे उत्तर मिळते. कमतरता आहे हे आकड्यांत कसे दाखवायचे? — एक शिक्षक, पुणे

उत्तर : शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ची अनुसूची समोर ठेवा. पहिली ते पाचवीत पट दोनशेच्या वर असेल तर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे चाळीसपेक्षा जास्त मुले असता कामा नयेत. सहावी ते आठवीत पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. आणि प्रत्येक शिक्षकासाठी किमान एक वर्गखोली हवी, शिवाय मुख्याध्यापकांसाठी कार्यालय-भांडाराची एक खोली हवी. पहिल्या पत्रातील शाळेचा पट पाचवीपर्यंत चारशे आणि पुढे दोनशे चाळीस असा धरला, तर दहा आणि सात असे सतरा शिक्षक होतात. म्हणजे सतरा वर्गखोल्या आणि वर एक, एकूण अठरा. आहेत नऊ.

आता उत्तर देणारे अधिकारी कोणता हिशेब करतात तेही पाहा. नऊ खोल्या दोन वेळा वापरल्या की अठरा होतात. शिक्षणाच्या तासांचा नियमही त्यात बसतो, कारण कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास, म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. सात ते साडेअकरा आणि बारा ते साडेपाच या वेळांत हे सगळे मावते. दोन अधिवेशनांत टंचाई आहे तिथेच राहते, फक्त तक्त्यात दिसत नाही.

ती दिसते वर्गात. सकाळच्या पहिलीच्या बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून आत 'पुसू नये' असे लिहिलेले असते, आणि दुपारी सातवीच्या गणिताला फळा अपुरा पडला की तीच चौकट आधी पुसली जाते. भिंतीवर तक्ते कोणाचे लावायचे, कपाटाचा कोणता कप्पा कोणाचा, यावरून शिक्षकांमध्ये वर्षानुवर्षे अबोला राहिलेला मी पाहिला आहे. सकाळची मुले जिन्यात आणि व्हरांड्यात बसून पोषण आहाराची खिचडी खात असतात, तेवढ्यात दुपारची मुले फाटकाशी दप्तरे घेऊन उभी असतात. मधल्या अर्ध्या तासात स्वच्छतागृह धुवायचे, की वर्ग झाडायचे, की फाटक सांभाळायचे, हे शिपायाने ठरवायचे असते. या गोष्टी निवेदनात लिहा, पण सुरुवात अठरा आणि नऊ या दोन आकड्यांनी करा.

सुरक्षिततेचा मुद्दाही लिहा आणि तो घाबरवण्यासाठी न लिहिता कायद्याच्या भाषेत लिहा. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. शाकारलेले छप्पर आणि बाहेर पडण्याची चिंचोळी वाट, या दोन गोष्टींनी तो अपघात इतका भीषण केला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अविनाश मेहरोत्रा खटल्यात सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला आणि इमारत व अग्निसुरक्षेविषयी निर्देश दिले. आपल्या शाळेला जिने किती आहेत, त्यांची रुंदी किती आहे, आणि मधल्या अर्ध्या तासात त्यांवर किती मुले एकाच वेळी असतात, हे मोजून लिहा. मोजलेल्या जिन्याला उत्तर द्यावेच लागते.

हे सगळे जोडायचे कुठे, तर शाळा विकास आराखड्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे हा आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो, आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा व योजनेचा तो आधार मानला जातो. बहुतेक शाळांत तो मागच्या वर्षीचा उतरवून काढलेला असतो. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तेव्हा या वर्षी तो आपणच लिहा. नुसते निवेदन टपालात पडून राहू शकते, आराखड्यातील मागणी मात्र कलमाच्या आधाराने पुढे जाते.

प्रश्न : आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा महामार्गाला लागून आहे. वर्ग अपुरे पडतात. एका विकासकाने त्या जागेच्या बदल्यात गावाच्या कडेला दुप्पट जागा आणि चार खोल्या बांधून देण्याची तयारी दाखवली आहे. ग्रामपंचायतीतले बहुतेक सदस्य अनुकूल आहेत. घाई करावी का? — एक ग्रामपंचायत सदस्य, पुणे जिल्हा

उत्तर : घाई करू नये. पहिल्या पत्रातील अदलाबदल दोन सार्वजनिक संस्थांमधली आहे, आपली तशी नाही. खासगी माणसाशी सार्वजनिक जमिनीचा व्यवहार करताना तो एकाच माणसाशी का केला, हा प्रश्न उद्या कोणीही विचारू शकतो. अखिल भारतीय उपभोक्ता काँग्रेस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनीचे वाटप पारदर्शक आणि समान संधी देणाऱ्या रीतीनेच व्हावे असे सांगितले आहे. शिवाय शाळेची ती जागा ग्रामपंचायतीची आहे का, हेही सातबाऱ्यावर पाहा. अनेक ठिकाणी ती शासनाची किंवा जिल्हा परिषदेची निघते, आणि मग ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे शेजाऱ्याच्या म्हशीचा सौदा होतो.

विकासक देऊ करत असलेल्या जागेचे कागद तर अधिक बारकाईने पाहावे लागतील. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना लोक वाचत नाहीत आणि अडचणी नेमक्या तिथेच लिहिलेल्या असतात. ती जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या अटींवर धारण केलेली असेल, कूळ कायद्याच्या कलम ४३ च्या बंधनात येत असेल किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर पूर्वपरवानगीशिवाय झालेला व्यवहार टिकत नाही. ती गायरानाची असेल तर विषयच संपला, कारण ती त्या विकासकाची नाहीच. गायरानाविषयी एक तपशील मात्र आपल्या उपयोगाचा आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या जानेवारी २०११ च्या निकालाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले, पण जिथे आधीच शाळा किंवा दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय उभी आहे, अशा अपवादात्मक प्रकरणांचा विचार होऊ शकतो असेही त्यात म्हटले आहे. आपली जुनी शाळाच गायरानावर असेल तर ती हलवण्यापूर्वी हा निकाल जाणत्या वकिलाकडून समजून घ्या.

अंतराचाही विचार हवा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. 'गावाची कडा' ही कोणत्या वस्तीची कडा आहे ते पाहा. महामार्गाच्या एका बाजूला शाळा गेली आणि दुसऱ्या बाजूला मागासवर्गीय वस्ती राहिली, तर अंतर पाचशे मीटर असूनही शाळा तुटते.

आणि जागेवर स्वतः जा. नोकरीत असताना एका अदलाबदलीच्या जागेच्या पाहणीला मी गेलो होतो. कागद निर्दोष होते, मोजणीच्या हद्दी जुळत होत्या, रस्ता बारा मीटरचा होता, पूररेषा दूर होती. आम्ही चौघे नकाशा जीपच्या टपावर पसरून उभे होतो आणि सगळे नकाशातच पाहत होतो. बरोबर आलेल्या शाळेच्या शिपायाने मात्र वर पाहिले. जागेच्या बरोबर मधून अतिउच्च दाबाची वीजवाहिनी गेली होती. तारांखालची पट्टी सोडली तर उरलेल्या दोन तुकड्यांपैकी एकावर खोल्या बसल्या असत्या आणि मैदान कुठेच बसले नसते. मूल्यांकनात मात्र ती पूर्ण जागा म्हणून मोजली गेली होती.

प्रश्न : मुंबईत मोकळी जागा मिळणेच शक्य नाही. शाळेचीच जमीन विभागून एका भागावर इमारत उभी राहू द्यावी आणि त्या पैशातून दुसऱ्या भागावर नवी शाळा बांधावी, असे काहीजण सुचवतात. असे कुठे झाले आहे का? — एक माजी विद्यार्थी, मुंबई उपनगर

उत्तर : झाले आहे, आणि ज्या उदाहरणाचा यासाठी वारंवार दाखला दिला जातो ते अमेरिकेच्या राजधानीतले आहे. वॉशिंग्टन शहरातील ऑयस्टर या इंग्रजी-स्पॅनिश द्विभाषिक प्राथमिक शाळेची इमारत १९२६ ची होती. ती जुनाट झाली होती, अपुरी पडत होती आणि शहराकडे पैसे नव्हते. पालकांनी पुढाकार घेऊन शाळेची जमीन दोन भागांत विभागण्याचा मार्ग काढला. एका भागावर २११ सदनिकांची इमारत उभी राहिली आणि दुसऱ्या भागावर नवी शाळा, जुनीच्या जवळजवळ दुप्पट आकाराची. शाळेसाठी १ कोटी १० लाख डॉलरचे रोखे काढण्यात आले, आणि मालमत्ता कराऐवजी सदनिकांच्या मालकाने द्यायच्या रकमेतून ते ३५ वर्षांत फेडायचे ठरले. शाळा २००१ मध्ये उघडली. न्यूयॉर्कने तर त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, शाळा आणि घरे किंवा कार्यालये एकाच भूखंडावर बांधण्यासाठी स्वतंत्र निधी-संस्थाच स्थापन केली होती.

या कथा आपल्याकडे सांगताना 'शहराचा एक पैसाही लागला नाही' असे वाक्य हमखास येते. ते अर्धेच खरे आहे. शहराने पस्तीस वर्षांचा त्या इमारतीचा कर शाळेच्या नावाने लावून टाकला, आणि तो करही सार्वजनिक पैसाच होता. मला तो सौदा चांगला वाटतो, पण फुकट वाटत नाही.

आपल्याकडे याच्या जवळची तरतूद म्हणजे समावेशक आरक्षण. आरक्षित जागेच्या मालकाने ठरलेल्या प्रमाणात सुविधा बांधून पालिकेला हस्तांतरित करायची आणि उरलेले बांधकाम स्वतःसाठी करायचे, अशी ही पद्धत आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीत ती आहे. पण ती खासगी मालकीच्या आरक्षित जागांसाठी आहे. शाळा आज ज्यावर उभी आहे ती पालिकेची जमीन विभागायची असेल, तर पुन्हा हस्तांतरणाची मंजुरी आणि नगररचना अधिनियमाचे कलम ३७ हेच रस्ते आहेत. शहरात मोकळी जागा नाही असे म्हणण्यापूर्वी आपल्या प्रभागाच्या विकास योजनेत शाळेसाठी आरक्षित पण ताब्यात न घेतलेले भूखंड किती आहेत ते पाहावे. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक त्याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडते. पुष्कळ वेळा शाळेची जागा अशीच, कोणतीही अदलाबदल न होता, नकाशातून नाहीशी झालेली असते.

प्रश्न : कागद मिळवायचे कसे? नगरपरिषदेत विचारले तर 'प्रस्ताव विचाराधीन आहे' एवढेच सांगतात. — पहिल्याच गावातील दुसरे पालक

उत्तर : माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. 'अदलाबदलीची सर्व माहिती द्यावी' असे न लिहिता नेमके कागद मागा : दोन्ही जागांचे सातबारे किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशे, मूल्यांकन अहवाल, विकास योजनेच्या भागनकाशाची प्रत, सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत आणि इमारतीच्या खर्चाची तरतूद दाखवणारे अंदाजपत्रकाचे पान. शेवटचा कागद मिळाला नाही, तर तसे पत्रात लिहून मागा.

प्रश्न : आमच्या शाळेची जागा १९३० च्या सुमारास गावातील एका कुटुंबाने दान दिलेली आहे. आता शाळा नव्या जागेत हलवून ही जागा देऊन टाकण्याचे चालले आहे. मी इथली मुख्याध्यापिका आहे आणि पुढच्या वर्षी निवृत्त होते. शाळा हलू नये असे माझे म्हणणे नाही, वर्ग खरोखर अपुरे आहेत. पण या दानाचे काय करायचे, आणि हलताना मी काय जपावे? — एक मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाई, दानपत्र मिळवा. ते सापडले तर त्यात जागा कोणाला दिली आहे आणि कशासाठी दिली आहे ते शब्दशः वाचा. एखाद्या सार्वजनिक न्यासाला दिली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय तिची विक्री, अदलाबदल किंवा दान वैध ठरत नाही. स्थानिक संस्थेला 'शाळेसाठी' दिली असेल, तर अट किती बंधनकारक आहे हे शब्दांवर अवलंबून राहील, आणि कुटुंबाचे वारस न्यायालयात जाऊ शकतात हे गृहीत धरूनच पुढे जावे लागेल. त्यांना आधीच विश्वासात घेणे शहाणपणाचे होईल. नव्या जागेतही त्या दात्यांच्या नावाची पाटी लागेल आणि जुन्या जागेचा काही भाग वाचनालयासारख्या सार्वजनिक कामासाठी राहील, एवढ्यावर अनेक कुटुंबे समाधान मानतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. बाके, फळे, संगणक यांची यादी होते, कारण त्यांच्या नोंदी जडवस्तू संग्रहात असतात. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या शाळाप्रवेशाची नोंदवही, मात्र बहुधा कपाटाच्या तळाशी, सुतळीने बांधलेले असते आणि ट्रकमध्ये शेवटी फेकले जाते. त्याच रजिस्टरातील जुन्या नोंदींवर आज गावातील मुलांचे जातीचे दाखले आणि पडताळणी उभी असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि आजोबांच्या शाळाप्रवेशाची ओळ हा कित्येक कुटुंबांजवळचा एकमेव कागद असतो. आपली शाळा जुनी असल्यामुळे त्यातील काही पाने मोडीतही असतील.

तेव्हा हलण्याच्या निदान दोन महिने आधी प्रत्येक रजिस्टराची पृष्ठसंख्या, पहिला व शेवटचा अनुक्रमांक आणि फाटलेली पाने यांची यादी करा, सर्व पाने स्कॅन करून घ्या, त्याची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोचपावती घेऊन द्या, आणि यादीवर आपली, केंद्रप्रमुखांची व समितीच्या अध्यक्षांची सही घ्या. रजिस्टरे ट्रकमधून न पाठवता आपण स्वतः, दोन शिक्षकांबरोबर, नव्या इमारतीतल्या कुलपाच्या कपाटात नेऊन ठेवा. ते कपाट तिथे बसेपर्यंत जुन्या कपाटाची किल्ली कोणाच्याही हाती देऊ नका, ठेकेदाराच्या तर नाहीच.